पाचवा नंबर संस्कृतीचा

युसूफ वडगाव
१८ ऑगस्ट

अमरदादा,

खुशाली नंतर विचारते, आधी भांडण. तू माझा नंबर ब्लॉक केलास, वहिनीलाही माझा फोन उचलायची बंदी केलीस, म्हणून आज पोस्टात गेले. तिथले साहेब म्हणाले, "म्याडम, राखी पौर्णिमा होऊन गेली की. आता कशाचं पाकीट?" म्हटलं, भावालाच आहे, पण राखी नाही, तक्रार आहे.

तू हैदराबादला निघून जाण्याआधी सगळ्या भावकीत सांगत फिरलास की योगितानं माझी पोर मारली. फुटबॉलच्या पेनल्टीच्या सरावात मी संस्कृतीला पाचवी ठेवली, म्हणून ती मैदानात शेवटी एकटी राहिली आणि वीज तिच्यावर पडली. दादा, मी शाळेत खेळ शिकवणारी बाई आहे, इंद्र नाही. पाचवा नंबर तिनं स्वतः हट्टानं मागून घेतला होता. "आत्या, शेवटच्या किकला सगळे गप बसतेत. मला तवा लई भारी वाटतंय," म्हणायची. त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी आभाळ लांब होतं, डोक्यावर नव्हतं. चौघी आपापली किक मारून पाण्याच्या टाकीकडं गेल्या. तिनं चेंडूचं हवेचं भोक स्वतःकडं करून चेंडू ठेवला, वेणी जर्सीत खोचली आणि वर बघितलं. पुढचं तुला माहीत आहे. मी रोज रडते, पण तू लादलेला गुन्हा काही कबूल करणार नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. दहाव्याचं तुला आठवत असेल, तू नदीवर होतास. पिंड ठेवला आणि कावळा बाभळीवर बसून राहिला, खाली येईना. तू म्हणालास, आईला सांभाळीन. वहिनी म्हणाली, तुझी सायकल कुणाला देणार नाही. मामा बोलले, भावकी बोलली. कावळा हलला नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा मी मागून बोलले, "पाचवा नंबर तुझाच. दुसऱ्या कुणाला देणार नाही." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो पिंडावर होता.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असंच मी तेव्हा मनाशी म्हटलं. पण आता स्पर्धा सुरू होतायत. तू कधी मैदानाकडं फिरकला नाहीस म्हणून सांगते: सामना बरोबरीत सुटला की दोन्हीकडून पाच-पाच पेनल्ट्या मारतात. कुणी कितवी मारायची ते मी ठरवते. पंचाला आधी सांगावं लागत नाही, फक्त पोरींना सांगायचं. मी पाचवी कुणाला देऊ?

गावात सुतकाची रीत ज्यांना विचारतात त्या चतुराबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, "कावळ्यापुढं दिलेला शबुद तुझ्या हातात न्हाई राह्यला, बाई. ज्यानं अग्नी दिला त्यानंच मोकळं करावं लागतंय." म्हणजे तू. एक ओळ लिही दादा, "पाचवा नंबर मोकळा केला." एवढीच. माझ्यावरचा राग तसाच ठेव, त्याला माझी हरकत नाही.

वहिनीला सांग, अंगणातल्या कढीपत्त्याला मी पाणी घालते.

योगिता


युसूफ वडगाव
३ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं; आपल्या घराण्यात हट्ट वाटून घेतलेला आहे आणि मोठ्याच्या वाट्याला जरा जास्तच आलाय. तर ऐक, आपण तालुका जिंकलो.

अंतिम सामना बरोबरीत सुटला. पोरींना जवळ बोलावलं आणि चार नावं सांगितली. चौथी वैष्णवी. तुमच्या शेजारच्या जानकीबाईंची, जिच्यासोबत संस्कृती बालवाडीपासून एका डब्यात जेवली, तीच. चार नावं सांगून मी गप्प बसले. अंजलीनं, म्हणजे आपल्या गोलकीपरनं विचारलं, "आन पाचवी कोन, म्याडम?" मी बोलायच्या आधी वैष्णवीच म्हणाली, "पाचवीपतूर जात न्हाई." आणि खरंच गेलं नाही. समोरच्यांनी दोन बाहेर मारल्या, आपल्या चारही आत. चौथ्या किकलाच निकाल लागला.

मग जिल्हा. बीडच्या मैदानावर पहिलाच सामना धर्मापुरीकडच्या एका शाळेशी. पुन्हा बरोबरी, पुन्हा मी चार नावं सांगितली, पुन्हा चौथ्या किकला आपण जिंकलो. पोरी नाचल्या, मीही नाचले. लोक बघत होते. बघू देत.

एक गंमत झाली, ती सांगते. पेनल्टीच्या वेळी गोलकीपर सोडून बाकीच्या दहाजणी मैदानाच्या मध्यावर आखलेल्या रिंगणात एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहतात. सामना संपल्यावर समोरच्यांचे सर तरातरा पंचाकडं गेले. "ह्यांनी मधी अकराजनी उभ्या केल्यात. गोलकीपर धरून बारा होतेत. हे कसं चालंल?" पंचानं पोरींना पुन्हा तसंच उभं केलं आणि एकेकीच्या डोक्यावर बोट दाखवून मोजलं. दहाच भरल्या. सरांनी स्वतः पुन्हा मोजल्या. मग मला म्हणाले, "मघाशी एक लांब वेणीची होती. ती कुठं गेली?"

आपल्या टीममध्ये आता वेणी कुणालाच नाही. मे महिन्यात कुणीतरी अक्कल पाजळली की वीज केसांच्या पिनेवर पडली, आणि गावातल्या आयांनी आठवडाभरात सगळ्या पोरींचे बॉबकट करून टाकले. सरांना मी तेच सांगितलं, उन्हानं डोळ्यापुढं आलं असेल म्हटलं. त्यांनी बाटली तोंडाला लावली आणि निघून गेले.

उन्हाचंच असणार. तरीपण तू ती एक ओळ लिही.

योगिता


युसूफ वडगाव
१४ सप्टेंबर

अमरदादा,

मागच्या पत्रात मी गंमत म्हणून जे लिहिलं ते गंमत नव्हती, आणि काही गोष्टी मी लिहिल्याच नाहीत. आता लिहिते, कारण काल जानकीबाई शाळेत आल्या होत्या.

पोरी मधल्या रिंगणात उभ्या राहतात तेव्हा वैष्णवीच्या उजव्या हाताला एका पोरीएवढी जागा मोकळी राहते. कुणी ठरवलेलं नाही. मी पहिल्यांदा ओरडले, "सरका गं, दात पडल्यासारख्या काय उभ्या राहताय?" कुणी सरकलं नाही. वैष्णवीचा उजवा हात हवेत खांद्याच्या उंचीवर होता, आणि खाली पडत नव्हता. तू कधी एवढा वेळ हात असा धरून बघ, भरून येतो. तिचा भरून येत नाही.

आणि खरं सांगू का, मला ते आवडायला लागलं होतं. मी चार नावं सांगायची आणि त्या मोकळ्या जागेकडं बघून मनात म्हणायची, पाचवी तू गं. अंगात बळ यायचं. घरी येऊन मी नीट जेवायला लागले होते.

आता वैष्णवीचं ऐक. चेंडू ठेवताना ती भोक स्वतःकडं करते. ठीक आहे, मैत्रिणीचं बघून शिकली असेल. पण मग तिचा हात मानेमागं जातो, तिथं नसलेली वेणी उचलतो आणि जर्सीत खोचतो. बॉबकट केलेली पोर. मी तिला विचारलं, "काय करतेस गं हे?" ती म्हणाली, "काय करतेय, आत्या?" मला शाळेत आत्या फक्त एकच जण म्हणायची.

काल जानकीबाई माझ्यासमोर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. "म्याडम, माझी पोर मला आई म्हनंना झालीय. परवा भाकर वाढली तर म्हनली, 'बास झालं, काकी.' कावून म्हनली, सांगा. माझ्या घरात मला काकी म्हननारी एकच पोर होती, आन ती तर गेली." मी म्हटलं, मैत्रिणीच्या जाण्याचा धक्का आहे, डॉक्टरांना दाखवू. त्या म्हणाल्या, "दाखवा. पर आधी त्या शबुदाचं बघा. तुमची पोर गेली, माझी तरी ऱ्हाऊ द्या."

वैष्णवीला मी टीममधून काढून पाहिलं. त्या दिवशी ती शाळेच्या भिंतीशी उभी राहून सरावाच्या वेळेस पश्चिमेकडं वर बघत बसली, डोळे न मिटता, आम्ही सगळ्या घरी जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी मीच तिला परत घेतलं. मैदानात असते तेव्हा निदान माझ्या नजरेसमोर असते.

अंतिम सामना एकवीस तारखेला आहे. आजवर निकाल चौथ्या किकला लागला म्हणून निभावलं. पाचवीपर्यंत गेलं तर ती मारायला कोण येईल ते मला माहीत आहे, आणि ती कुणाचे पाय घेऊन येईल तेही माहीत आहे. आली की मग वैष्णवी परत मिळेल का, हे मात्र मला कुणी सांगू शकत नाही.

दादा, हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवतेय. मी तुझ्या पाया पडते. मोकळं कर. त्या पोरीसाठी कर.

योगिता


युसूफ वडगाव
२२ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर वीस तारखेला मिळालं. तुझं अक्षर बघून आधी मला रडूच आलं, चार महिन्यांनी घरचं माणूस दिसावं तसं. मग वाचलं. "तिची जागा तिलाच राहू दे." बास.

तू माझं पत्र वाचूनही हे लिहिलंस. जानकीबाईंचं वाचूनही लिहिलंस. मी रागानं तो कागद फाडणार होते, पण फाडवला नाही, कारण तुझ्या जागी मी असते तर कदाचित मीही हेच लिहिलं असतं. आपली पोर कुठंतरी उभी आहे असं कळल्यावर तिला हाकलून द्यायला कोणता बाप कागद-पेन घेऊन बसेल?

काल सामना झाला. बरोबरी. मी चार नावं सांगितली, वैष्णवी चौथी. तिसरी ठेवून बघू असं मनात आलं होतं, पण तिनंच मान हलवून नाही म्हटलं. चार-चार किका झाल्या तेव्हा तीन-तीन होते. समोरच्या पोरीनं पाचवी आत मारली. आता आपली पाचवी आत गेली तर सामना पुढं, नाहीतर हरलो. पंचानं शिट्टी वाजवली आणि आपल्याकडं बघितलं.

सगळं मैदान गप्प झालं. मघापासून शिट्या मारणारी पोरंसुद्धा. मला वाटतं, तिला आवडायचं ते हेच.

आणि वैष्णवी निघाली. नुकतीच चौथी मारून परत गेलेली वैष्णवी पुन्हा चालत पेनल्टीच्या ठिपक्याकडं आली. वैष्णवी जरा फेंगडी चालते, ही तशी चालत नव्हती. पंचानं तिला अडवलं. "तू आत्ताच मारलीस ना? दुसरीला पाठव." मी बाहेरच्या रेषेपाशी होते, मला स्वच्छ ऐकू आलं. ती म्हणाली, "ती वैष्णवी होती."

पंच हसला, त्याला थट्टा वाटली. पण तिनं चेंडू उचलला होता. भोक स्वतःकडं करून ठेवत होती. जाळीपलीकडं जानकीबाई उभ्या होत्या, त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मला दुसरं नाव सुचेना. मधल्या रिंगणातल्या कुठल्याही पोरीचं नाव घेतलं तर ती त्या मोकळ्या जागेशेजारून चालत येणार, आणि त्या सगळ्या दहाव्याला नदीवर होत्या, सगळ्यांनी माझा शब्द ऐकला होता, हात जोडले होते.

गोलच्या बाजूला एकटी अंजली उभी होती. निवृत्ती मास्तरांची अंजली. ती नदीवर आली नव्हती. त्यांनी संस्कृतीसाठी त्यांच्या विहारात मेणबत्ती लावली होती, वंदना घेतली होती. ती तिथूनच ओरडली, "म्याडम, मी मारते! आमच्यात न्हाई ते कावळ्याचं!" जन्मात पेनल्टी न मारलेली पोर. मी म्हटलं, "पाचवी अंजली!"

वैष्णवीनं माझ्याकडं बघितलं. दादा, ते डोळे कुणाचे होते ते मी तुला सांगणार नाही. तिचा हात मानेमागं गेला आणि तिथंच थांबला. ती म्हणाली, "आत्या, तू तर म्हनलीस माझाच नंबर."

आत्या म्हणून बारशाला तिच्या कानात नाव मीच सांगितलं होतं, "कुर्र" करून. काल मी तेच नाव भर मैदानात घेतलं. "संस्कृती, बाळा, मागं हो. खेळ झाला. जा आता, घरी जा, बापाकडं जा." चारशे माणसं बघत होती, मला वेड लागलं म्हणाली असतील. वैष्णवी खाली बसली, मग आडवी झाली. अंजली आली, गोलकीपर मारतात तसा लांब दणका दिला आणि चेंडू बारवरून थेट पलीकडच्या लिंबाच्या झाडात गेला. आपण हरलो.

वैष्णवीला पाणी मारलं. उठली आणि जाळीकडं बघून, "आई, माझा गुडघा लई दुखतोय गं," म्हणून भोकाड पसरलं. जानकीबाई जाळीवरून चढून आत आल्या, या वयात. मी पोरींसोबत बसून रडले. हरल्याचं रडू आहे असं सगळ्यांना वाटलं.

तुझं ऐकलं नाही. त्याचा राग येऊ दे. पण दादा, ती गेली. आता आपण दोघं मिळून रडू या का? मी तिकडं येऊ का?

योगिता


हैदराबाद, तुझ्या दाराबाहेर
२४ सप्टेंबर, दुपार

दादा,

मागचं पत्र तुला मिळायच्या आत मीच आलेय. काल शेजाऱ्यांच्या फोनवरून वहिनीनं मला फोन केला. आवाजात आनंद होता, मला त्याचीच धडकी भरली. म्हणाली, "ताई, परवा दुपारपासून ह्यांना बरं हाय. हसायलेत. तिच्यासाठी पान वाढायलेत. आन ताई, पान रिकामं व्हायलंय." तेवढ्यात तू फोन हिसकावून घेतलास.

एकवीस तारखेला दुपारीच मी तिला मैदानात तुझ्याकडं जा म्हटलं होतं. हरणाऱ्या बाईच्या तोंडून घाईत जे निघालं ते तिनं खरं मानलं. गुणाची पोर, सांगितलेलं ऐकणारी.

मी तिसऱ्या मजल्यावर तुझ्या जिन्यात बसून लिहितेय. तू दार उघडत नाहीस. वहिनी खाली दुकानाच्या पायरीवर बसलीय, तिची आज सकाळी भीतीनं गाळण उडाली, कारण तू तिला "जरा बाजूला सरक, पोरीला जागा दे" म्हणालास आणि ती सरकली, आणि तिच्या शेजारची चादर दबली. खालच्या मजल्यावरचे काका मला विचारून गेले, तुमच्या भावाकडं कोण पाहुणं आलंय, दिवसभर चेंडू आपटतंय. मलाही ऐकू येतोय. भिंतीवर एकदा, फरशीवर एकदा. खोली लहान आहे, चेंडू लगेच परत येतो. मग थांबतो. तेव्हा ती ठेवत असेल, भोक स्वतःकडं करून. मग कपाटावर आदळतो आणि तू टाळी वाजवतोस.

मलाही असंच वाटलं होतं दादा. मलाही अन्न गोड लागायला लागलं होतं. म्हणून तुला शिव्या देत नाही. मला तिला जा म्हणताना जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुला तेच करायला सांगायला मी रात्रभर बसमध्ये बसून आलेय. मी सांगितलं तेव्हा तिनं ऐकलं. तुझं तर ती आधीपासून ऐकायची, माझ्यापेक्षा जास्त. अग्नी तू दिलास, आता शब्दही तूच दे. मोठ्यानं म्हण, मी दाराच्या या बाजूला तुझ्यासोबत म्हणते.

हा कागद दाराखालून सरकवतेय. तू कागद उचललास की मला कळेल, तुझी सावली दिसतेय. दुसरीही दिसतेय, पण मी तिच्याकडं बघत नाही. माझ्यासाठी नको, वहिनीसाठीसुद्धा नको, त्या पोरीसाठी कर. आख्खं वावर पळून पार करणारी पोर आपली, तिला दहा बाय दहाच्या खोलीत कोंडू नकोस. दादा, तिथं मैदान नाही.

योगिता